साडूभाऊंनी गाण्याचं अस्तर बदललं

माझे साडू शिंपी होते, पण त्यांनी आयुष्यात एकही नवा कपडा शिवला नाही. दुसऱ्यांनी शिवलेले कपडे ते सुधारायचे. दुकानावर पाटी होती, 'लांब असेल तर आखूड करून मिळेल. आखूड असेल तर बघू.' दुकान इतकं चिंचोळं, की गिऱ्हाइकाला पँट घालून बघायची असली तर साडूभाऊ उठून रस्त्यावर यायचे, गिऱ्हाईक आत जायचं, आणि आतून ओरडायचं, "कंबरेत जरा आवळतंय हो!" मग साडूभाऊ रस्त्यावरूनच विचारायचे, "श्वास घेताना की सोडताना?" जाणारे-येणारे थांबून आपलं मत द्यायचे.

अशा माणसाचा गाण्याशी संबंध आला तोही धंद्यातूनच. एकदा एकजण फाटलेला अ‍ॅकॉर्डियन घेऊन आला. भाता उसवलाय, शिवून द्या म्हणाला. साडूभाऊंनी दुहेरी टाका घालून शिवला. पण तो मनुष्य परत आलाच नाही. आता हवा गळतेय की नाही हे बघायला वाजवणं भागच होतं. बघता बघता साडूभाऊंना वाजवता यायला लागलं. मी विचारलं, "साडूभाऊ, कोणाकडे शिकलात?" तर म्हणाले, "शिकलो कुठं? अजून तपासतोच आहे." हे तपासणं चाळीस वर्षं चाललं.

आमच्याकडे एक हौशी नाटक मंडळ होतं. दर वर्षी एक गाण्यांचं नाटक व्हायचं, टपाल कचेरीच्या मागच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी चार वाजता. मी टपालात शिक्के मारायचो, त्यामुळे माझा उजवा दंड चांगला होता, म्हणून पडदा माझ्याकडे. साडूभाऊ स्टेजच्या खाली, पहिल्या रांगेसमोर, स्टुलावर अ‍ॅकॉर्डियन घेऊन बसायचे. त्यांचं खरं काम वाजवण्याचं नव्हतं, मापाचं होतं. म्हणजे असं, की मूळ गाणं कुणाच्या तरी गळ्यासाठी बेतलेलं असतं, आणि आमच्याकडे गायला उभा राहणार पाववाला. त्याचा आवाज भट्टीच्या तळातून आल्यासारखा. मग साडूभाऊ आख्खं गाणं खालच्या पट्टीत उतरवायचे. डॉक्टरीणबाई गाणार असल्या की तेच गाणं वर चढवायचे. "गळा काय आणि कंबर काय, साडूभाऊ," ते मला म्हणायचे, "माणसाला गाण्यात कोंबू नये. गाणं उसवावं."

आणि नाटकाचं शेवटचं गाणं असलं, की ते गाता गाताच वर चढवायचं, असा मंडळाचा पक्का नियम होता. एक कडवं झालं की आख्खं गाणं उचलून एक पायरी वर. आणखी एक कडवं, आणखी एक पायरी. चाल तीच, शब्द तेच, पण लोकांना वाटायचं काहीतरी भयंकर मोठं घडतंय. बायका पदर सावरून बसायच्या. तिसऱ्या चढाला टाळ्या पडायच्या म्हणजे पडायच्याच, आणि तिसऱ्या चढालाच मी पडदा सोडायचो.

इथं एक कबुली देतो. मला यातलं काही म्हणता काही कळत नसे. आमच्या गावच्या शाळेत गाण्याचा तास आणि बागकामाचा तास एकच होता, आणि मी बागकामात होतो. आमची ही म्हणायची, "अहो, तुमचा कान म्हणजे चष्मा अडकवायची खुंटी." मग पट्टी चढली हे मला कळायचं कसं? साडूभाऊंच्या डाव्या टाचेवरून. गाणं वर उचलायच्या क्षणी ते टाच फळीवर दणकन आपटायचे, पोतं उचलताना हमाल हुंकार देतो तसं. मी विंगेतून टाचेवर डोळा ठेवायचो. एक, दोन, तीन, पडदा. इतकी वर्षं एकदाही चुकलो नाही.

तर त्या वर्षीचं नाटक. दिग्दर्शक होते औषधांच्या दुकानाचे मालक. सगळे त्यांना औषधवाले म्हणत. नाटक लिहायचे तेच आणि बसवायचेही तेच, आणि सूचना द्यायचे त्याही दुकानातल्यासारख्याच. "रडणं जास्त होतंय. दोन चमचे पुरे. आणि हसणं जेवणानंतर." नाटकात एक खलाशी बोटीवर जातो, बोट बुडते, आणि त्याची बायको धक्क्यावर उभी राहून शेवटचं गाणं गाते. खलाशी होता पाववाला. आणि बायकोच्या कामाला निवडली माझी मेहुणी, म्हणजे साडूभाऊंचीच बायको.

आता मेहुणीबद्दल सांगायला हवं. ती बस डेपोत माइकवर बोलायची. 'पाच नंबरच्या फलाटावरची गाडी सुटण्याच्या तयारीत आहे.' आवाज असा गोड, असा स्वच्छ, की लोक ऐकत उभे राहायचे आणि त्यांची गाडी निघून जायची. डेपो मॅनेजरने तिला एकदा लेखी विचारलं होतं, थोडं वाईट बोलता येईल का. चेहरा बोलका, उभं राहणं राणीसारखं. अडचण एकच. आवाज वरही जात नसे आणि खालीही येत नसे. बारा वर्षं एकाच सुरात गाड्या सोडून सोडून तो तिथंच बसला होता. साडूभाऊंनी घरी अ‍ॅकॉर्डियनवर पडताळून पाहिलं, आवाज कोणत्या पट्टीवर बसलाय ते. पांढरी पाच. सकाळी उठवा, तापात बोलवा, भांडताना ऐका, पांढरी पाच. तसूभर इकडे नाही की तिकडे नाही.

पहिल्या तालमीत तिने शेवटचं गाणं म्हटलं. पहिलं कडवं कसंबसं निभावलं. साडूभाऊंनी टाच आपटून गाणं वर नेलं, आणि ही तिथंच. गाणं माळ्यावर, बाई अंगणात. पाववाला पाठ फिरवून हसला.

औषधवाल्यांनी चष्मा पुसला आणि निदान सांगितलं. "काम तुम्हीच करायचं. चेहरा तुमचाच हवा. पण शेवटचं गाणं डॉक्टरीणबाई विंगेतून गातील. तुम्ही नुसतं तोंड हलवा."

डॉक्टरीणबाई म्हणजे दातांच्या डॉक्टरांची बायको. त्यांचा आवाज इतका वर जायचा, की त्या माडीवर रियाज करायला लागल्या की खाली दवाखान्यात पेशंट आपोआप आ वासायचे. त्या लगेच म्हणाल्या, "माझी काही हरकत नाही. मी मागे उभी राहीन. मला पुढे यायची हौस नाहीच." हे म्हणताना त्या चार पावलं पुढे आल्या होत्या.

मेहुणी तालमीतून तडक घरी आली. आल्याआल्या बोलली. मी आणि आमची ही तिथंच होतो.

"ताई, तूच सांग. मी काय कपड्याच्या दुकानातला पुतळा आहे?"

"मुळीच नाही," आमची ही म्हणाली. "पुतळ्याला हात हलवता येत नाहीत."

"बारा वर्षं मी काचेच्या खोलीत बसून बोलतेय. आवाज सगळ्यांना माहीत, तोंड कुणाला माहीत नाही. आता तोंड दाखवायची वेळ आली, तर आवाज दुसरीचा! अहो, ऐकताय ना? माझ्या तोंडातून त्या बाईचा आवाज निघाला तर मी पुन्हा घरात तोंड उघडणार नाही."

मी साडूभाऊंकडे पाहिलं. मला वाटलं ही धमकी आहे की सवलत, याचा ते विचार करतायत. पण त्यांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, "अगं, ते गाणं तूच गाशील. मी सांगतो ना."

"गळा कुठून आणू?"

"गळ्याचं माप नाही बदलत आपण. बघू काय करता येतं ते."

पुढचे आठ दिवस दुकानातून फक्त एकच सूर ऐकू येत होता. शेजारचा कुलूपवाला दोनदा विचारून गेला, काही अडकलंय का. नवव्या दिवशी साडूभाऊंनी मला बोलावून घेतलं. मेहुणी शिवणयंत्रापाशी उभी, मी दारात, माझं अर्धं अंग रस्त्यावर.

"साडूभाऊ, हा कोट बघा," ते म्हणाले. जुनाच कोट होता. बाहेरून राखाडी. त्यांनी तो उघडला, आत लाल अस्तर. "आता तुम्हाला हा कोट कसा वाटतो?"

"लग्नाला जाणाऱ्याचा," मी म्हणालो.

दुसरा उघडला. तोच राखाडी, आत काळं अस्तर.

"हा मयताला जाणाऱ्याचा."

"कापड एकच आहे. आता ऐका. अगं, म्हण."

मेहुणीने एकच शब्द धरला, "ये." पांढरी पाच. साडूभाऊंनी खाली तीन-चार पट्ट्या एकदम दाबल्या. त्या गठ्ठ्याला वाजवणारी मंडळी कॉर्ड म्हणतात. घरी आल्यासारखं वाटलं. तिचा सूर तसाच, त्यांनी खालचा गठ्ठा बदलला, आणि कुणीतरी दिवा मालवल्यासारखं झालं. पुन्हा बदलला, खिडकी उघडली. पुन्हा बदलला, आणि मला उगाचच माझ्या धाकट्या आत्याची आठवण आली. प्रत्येक वेळी खालचा भरदार सूर एकेक पायरी वर सरकत होता आणि वाटत होतं, बाई चढतेय, चढतेय, आता माळ्यावर पोचली! ती बिचारी होती तिथंच, पांढऱ्या पाचवर, एका हाताने शिवणयंत्राला धरून.

"जिना तिच्याखाली सरकवतोय मी," साडूभाऊ म्हणाले. घामाने भिजले होते.

"पण टाच?" हा प्रश्न मी विचारायला हवा होता. मी विचारला नाही. मला तेव्हा आत्या आठवत होती.

औषधवाल्यांना तालमीत ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "गुण आहे," म्हणाले. "पण माणसांवर तपासलेलं नाही. डॉक्टरीणबाई विंगेत तयार राहतील. लोक थंड वाटले तर मी रुमाल हलवीन, त्या सुरू करतील. औषध घरात असलेलं बरं." डॉक्टरीणबाईंचा चेहरा पाहून मला कळलं, की रुमाल हलो न हलो, त्या सुरू करणार.

नाटकाचा दिवस आला. एक गोष्ट सांगायची राहिली. पडदा पंधरा दिवस साडूभाऊंच्या दुकानात होता. निळा मखमली पडदा, खालून कुरतडलेला, त्याला नवी पट्टी लावायची होती. त्यामुळे सगळ्या तालमी पडद्याविना झाल्या. साडूभाऊंनी, शिलाईत जास्तीचं कापड ठेवायच्या सवयीने, तो हातभर लांबही करून ठेवला, पुढेमागे आटला तर असावा म्हणून. त्या सकाळी पडदा चढवला. धक्क्यासाठी पार्सलची बाकडी जोडून स्टेजच्या पुढे लोकांमध्ये काढली होती. शेवटच्या गाण्याला मेहुणी त्या धक्क्याच्या टोकावर, पडद्याच्या रेषेच्या चांगली सहा हात पुढे. बाकी सगळे मागे.

हॉल भरलेला. डेपोतले ड्रायव्हर-कंडक्टर झाडून आले होते, मॅनेजरसुद्धा. बोट बुडाली. पाववाला बुडाला, म्हणजे विंगेत येऊन पाणी प्यायला. मेहुणी धक्क्यावर गेली आणि तिने सुरुवात केली.

"ये, दिवा लावला आहे, ये."

मी टाचेवर डोळा ठेवला. आणि साडूभाऊंनी, इतक्या वर्षांची सवय, पहिला गठ्ठा बदलताना टाच आपटली. एक! मी दोर हातात घेतला. दुसरा गठ्ठा, दणकन. दोन! मला वाटलं आज गाणं फारच घाईत आहे. तिसरा गठ्ठा, दणकन. तीन! मी दोर सोडला.

गाण्याची अजून पहिली ओळसुद्धा संपली नव्हती.

धुऊन, झटकून हलका झालेला पडदा जो खाली आला तो चिमणीसारखा, आवाज न करता. मेहुणी पुढे, आम्ही सगळे आत. औषधवाले माझ्याकडे धावले, "काय केलंत! वर घ्या, वर घ्या!" आणि त्या हातभर जास्तीच्या मखमलीत पाय अडकून आडवे झाले. पडता पडता त्यांच्या हातातला रुमाल हलला. डॉक्टरीणबाई याचीच वाट पाहत होत्या. त्यांनी डोळे मिटून, छाती भरून जो सूर लावला, तो सरळ मखमलीत गेला आणि तिथंच राहिला. बाहेर म्हणे डब्यात अडकलेल्या माशीइतकं ऐकू येत होतं. आत मात्र आमचे दात शिवशिवत होते.

मी दोर ओढतोय, दोर येत नाही. दुसऱ्या टोकाची वाळूची पिशवी वरच्या तुळईत जाऊन बसलेली. पाववाला म्हणाला, "शिक्के मारा तिच्यावर!" त्याला काय जातंय.

बाहेरचं मी कापडाच्या फटीतून पाहिलं. मेहुणीची पाठ पडद्याकडे. पडदा पडलाय हे तिला ठाऊकच नव्हतं. तिला सांगितलेलं एकच, की पडदा पडेपर्यंत गायचं. ती पडद्याची वाट बघत गात होती, आणि पडदा तिच्या मागे केव्हाचा पडून बसला होता!

साडूभाऊंनी मात्र पाहिलं होतं. तोंडचं पाणी पळालं त्यांच्या. चार कडव्यांपुरते बेतलेले गठ्ठे चार मिनिटांत संपले. ही सुरूच. "ये." मग त्यांनी हाताला येईल ते खाली घालायला सुरुवात केली. "ये," लोकांना वाटलं आता तो येणारच. "ये," नाही, बुडालाच. "ये," दुसऱ्या बाईकडे गेला बहुतेक. "ये," हिने त्याला क्षमा केली. "ये," नाही केली. तीच बाई, तोच सूर, तोच शब्द, आणि हॉलमधल्या दोनशे माणसांचे चेहरे एकदम उजळत होते, एकदम पडत होते. मॅनेजर ढसाढसा रडत होता. एक कंडक्टर उभा राहून ओरडला, "थांबा बाई, येतोय तो!"

सात मिनिटं झाली. साडूभाऊंच्या हातून भाता सुटेल असं दिसायला लागलं. मी मनाशी म्हटलं, चूक माझी, निस्तरायचीही मीच. पोटावर पडलो आणि पडद्याखालून सरपटत बाहेर निघालो. हेतू इतकाच की तिच्या पायाशी जाऊन हळूच सांगावं, झालं गं, थांब आता.

पण जरा विचार करा लोकांना काय दिसलं असेल. निळी निळी मखमल, तिच्या खालून आधी एक हात आला, मग दुसरा, मग टपाल खात्याची निळी टोपी घातलेला, धापा टाकणारा मनुष्य. हॉलमध्ये कुणीतरी किंचाळलं, "आला! पोहत आला!"

काय तो जल्लोष! माणसं बाकांवर चढली. मी समुद्रातच अर्धवट अडकलेला, जास्तीची मखमल कंबरेला गुंडाळलेली. मेहुणी वळली, मला बघून म्हणाली, "भाऊजी?" तेही पांढऱ्या पाचातच. आणि साडूभाऊंनी ते घरी आल्यासारखं वाटणारं पहिलं अस्तर खाली घातलं, आणि गाणं संपलं.

नंतर विंगेत पाववाला माझ्याशी बोलेना. त्याच्या मते मी त्याची बायको पळवली होती. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, "मग मी एवढा वेळ कुणासाठी गायले?" आमची ही म्हणाली, "पडद्यासाठी. बघा ना, कसा गप्प उभा राहून ऐकत होता." औषधवाले गुडघा चोळत आले. आम्हाला वाटलं आता काढतील सगळ्यांना. ते मेहुणीसमोर उभे राहिले. "बाई, गाणं तुमचं. पुढच्या प्रयोगापासून विंगेत कोणी उभं राहणार नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही दर रविवारी सरपटायचं."

नाटकाचे नऊ प्रयोग झाले. मी नऊ रविवार पोहून आलो. दोन पँटी गुडघ्यावर फाटल्या, त्या साडूभाऊंनी फुकट रफू केल्या.

नवव्या रविवारी एक गोष्ट घडली. मी पडद्याखाली पालथा पडून माझ्या वेळेची वाट बघत होतो. बाहेर मेहुणी शेवटचं "ये" धरून उभी होती. आणि ते "ये" वर गेलं. किती? एकच पायरी. पांढरी सहा, हे मला नंतर साडूभाऊंनी सांगितलं. पण ती आपली आपण गेली, तिच्याखाली कुणी काही सरकवलं नव्हतं. अ‍ॅकॉर्डियन एकदम बंद पडला. साडूभाऊंनी सगळी अस्तरं पाचच्या मापाने कापलेली, सहासाठी त्यांच्यापाशी चिंधीसुद्धा नव्हती. भाता अर्धवट उघडा धरून ते नुसते तिच्याकडे बघत राहिले. हॉलमध्ये तो एक सूर, आणि त्याखाली काही नाही. ती घाबरली नाही. तिने तो पुरता धरला, मग सावकाश सोडला. मी बाहेर यायचं विसरलो. कुणाला माझी आठवणही झाली नाही.

घरी जाताना साडूभाऊ वाटभर खांद्यावरचा पट्टा घट्ट करत होते. शेवटी दारात म्हणाले, "अगं, आधी सांगायचंस तरी. मी काहीतरी घातलं असतं खाली."

"मला तरी कुठं माहीत होतं?" मेहुणी कुलूप काढता काढता म्हणाली. "पण काही नव्हतं तेच बरं वाटलं हो. मोकळं मोकळं."

साडूभाऊंनी मान डोलावली, अ‍ॅकॉर्डियन खुर्चीवर ठेवला, आणि चहा व्हायच्या आत पुढच्या वर्षीसाठी तिच्या मापाचं, दोन सुरांचं गाणं बेतायला घेतलं.